न आलेल्या साहेबांचं पान

वसईकडच्या आमच्या वटार गावच्या घरातलं स्वयंपाकघर आता कुणाला ओळखू यायचं नाही. जमिनीला टाइल्स आल्या, चुलीच्या जागी गॅसचा ओटा आला, धुरानं काळी झालेली भिंत सुनेनं फिकट पिवळी करून घेतली. तरी चूल होती तिच्या उजव्या अंगाला हातभर जागा आहे, तिथून जाताना माझा पाय आपोआप वळतो. सून एकदा म्हणाली, आई, तुम्ही तिथं काही सांडल्यासारखं का चालता? मी म्हटलं, गुडघा दुखतो गं. आता तिला काय सांगू? तिथं एक माणूस बसायचा असं सांगितलं तर ती विचारणार, कोण बसायचं? आणि कोण ते मलाही सांगता येत नाही, कारण तो तेव्हा आलेलाच नव्हता.

आमची वाडी फार मोठी नाही, पण भरलेली होती. केळी, नारळ, कडेनं पानवेली, विहिरीजवळ आईची जाई. सकाळी जाग यायची ती पंपाच्या ढकढकीनं. त्या आवाजात शेजारच्या गावच्या चर्चची घंटा मिसळायची आणि आईच्या भाकरी थापण्याचा आवाजही. आप्पा पहाटेच वाडीत शिरलेले असायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. दिवसाला किती शब्द बोलायचे ते जणू ठरवून घेतलेलं असायचं. घरात आम्ही चौघं: आप्पा, आई, माझा मोठा भाऊ वसंत, त्याला मी दादा म्हणायची, आणि मी. आई पाठीनं अधू झाली तेव्हा माझी शाळा सातवीतच सुटली. त्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं असं काही नाही, खरं सांगते. आम्ही घरात आपली जुनी बोली बोलायचो. ती इथं लिहिली तर वटारच्या बाहेर कुणाला कळायची नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं मी पुस्तकी करून लिहिते आहे. आईनं वाचलं असतं तर म्हणाली असती, ही कोण बाई माझ्या तोंडानं बोलते?

दादा वाडीतली केळी, नारळ, केळीची पानं टेम्पोत घालून विरार पूर्वेला मनवेलपाड्याला न्यायचा. तिथं नव्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या. कोकणातून, देशावरून, मुंबईतून नोकरदार माणसं राहायला येत होती, आणि त्यांना सत्यनारायणाला केळीचे खांब नि नैवेद्याला पान मिळेनासं झालं होतं. दादानं तिथं एक गाळा घेतला आणि तो चांगला चालला. दादा तसा लाजरा. गिऱ्हाईक बाई असेल तर नारळाकडे बघून बोलायचा. पण हात चांगला, नारळ हलवून आतलं पाणी सांगायचा, आणि कुणाला वाईट नारळ गेला तर स्वतः जिना चढून बदलून द्यायचा.

गाळा होता त्याच इमारतीत एक सर राहायचे. शाळेतले नव्हेत, मुंबईतल्या एका ऑफिसात होते, मूळचे देशावरचे. पण रविवारी त्यांच्या घरी दहा-बारा जण जमायचे म्हणून सगळे त्यांना सर म्हणायचे. पुढारी कसं व्हावं, धंद्यात यश कसं मिळवावं, यावरची पुस्तकं ते वाचायला सुचवायचे. एक वाचून झालं, त्याप्रमाणे वागून दाखवलं, की दुसरं. सर वाईट माणूस नव्हते हो. कुणाकडून काही घ्यायचे नाहीत, चहा स्वतः करायचे. दादाला त्यांनी पहिलं पुस्तक दिलं ते खाकी कागदाचं कव्हर घालून. दादा ते घरी घेऊन आला तेव्हा त्यानं आधी पाय धुतले आणि मग ते देवाच्या कोनाड्यात ठेवलं.

दिवस सुकेळ्यांचे होते. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा उन्हाला लावायची, आणि मधासारखी लालसर झाली की सुक्या पानात घट्ट बांधायची. ते बांधायचं काम आई आणि मी ओटीवर बसून करायचो. दादा गाळा बंद करून आला की समोर बसून आम्हाला पुस्तक वाचून दाखवायचा. आत्मविश्वास, दूरदृष्टी, निर्णयक्षमता. असले शब्द मी आधी कधी ऐकले नव्हते. तो कामाला गेला की मी तेच पान काढून त्याच्या आवाजात मनात वाचायची. असं करता करता मला न अडखळता वाचता यायला लागलं. लोक रामायण वाचून शिकतात, मी मॅनेजर कसा असावा ते वाचून शिकले. आजही मी पेपर वाचते तेव्हा मनात दादाचाच आवाज असतो.

सुरुवातीला गंमतच होती. पुस्तकात होतं, हाताखालच्या माणसाला नोकर म्हणू नये, त्याच्या डोळ्यांत बघून सहकारी म्हणावं. आमच्याकडे धर्मा नावाचा गडी होता, आप्पांच्याच वयाचा. दादा सकाळी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, धर्माभाऊ, तुम्ही माझे सहकारी आहात. धर्मानं खुरपं खाली ठेवलं, सरळ आप्पांकडे गेला आणि विचारलं, मला काढलं का कामावरून? आई इतकी हसली की तिची पाठ दुखायला लागली. दादाही हसला. तो हसला होता हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे.

मग पावसाच्या तोंडावर ते दुसरं पुस्तक आलं. त्यात एक साधन सांगितलेलं होतं. तुम्हाला जो यशस्वी माणूस व्हायचं आहे, तो झालेलाच आहे असं समजा. घरात त्याच्यासाठी एक खुर्ची ठेवा. जेवणाच्या टेबलाशी ती रिकामी ठेवा, रोज त्याच्याशी आदरानं बोला, निर्णय घ्यायच्या आधी त्याचं मत घ्या. एक दिवस असा येईल की त्या खुर्चीत तुम्हीच बसलेले असाल. दादानं हे आम्हाला वाचून दाखवलं आणि मग पुस्तक मिटून घरभर बघितलं. आमच्याकडे कुठलं टेबल आणि कुठली खुर्ची? आम्ही जमिनीवर बसून जेवणारी माणसं. जेवायचं पाटावर, आणि घरचीच केळ म्हणून रोज पानावर. तेव्हा दादानं आईला सांगितलं, आजपासून माझ्या शेजारी एक पाट मांड आणि एक पान वाढ.

आईच्या हातात बिरड्याचा डाव होता. तिनं विचारलं, "कुणाचं पान वाढू?"

दादानं तिला समजावलं. यश, भविष्य, मनाची ताकद. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. तिचा प्रश्न तुमच्या लक्षात आला असेल. आमच्यात घरात नसलेल्या माणसाचं पान एकाच कारणानं वाढतात, आणि तो माणूस परत यायचा नसतो. पण मुलगा इतक्या हौसेनं सांगत होता, तिच्यानं नाही म्हणवलं नाही. तिनं पाट मांडला, पान मांडलं आणि मग उठून रांगोळीचा डबा घेऊन आली. मेलेल्याच्या पानाभोवती रांगोळी काढत नाहीत. हिनं त्या पानाला चारी बाजूंनी ठिपक्यांची रांगोळी घातली, दिवाळीला घालतात तशी. मला म्हणाली, म्हणजे कुणाचा गैरसमज व्हायला नको. कुणाचा ते तिनं सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी जेवणं झाली आणि ते वाढलेलं पान तसंच राहिलं. त्याचं काय करायचं हे पुस्तकात नव्हतं, कारण पुस्तकात नुसती खुर्ची होती. कावळ्याला घालावं तर ते पितरांचं झालं. आपण खावं तर दुसऱ्याचं उष्टं, आणि तेही त्यानं जेवायच्या आधीच. शेवटी आईनं ठरवलं, टोपलीखाली झाकून ठेवायचं आणि सकाळी गाईला घालायचं. ते काम माझ्याकडे आलं. सकाळी मी टोपली उचलायची तेव्हा आधी डोळे मिटायची. भात जसा वाढला होता तसाच असायचा, नेहमीच असायचा. तरी मला वाटायचं, एखादे दिवशी कमी झालेला असेल.

हळूहळू त्या माणसाचं घरात चालायला लागलं. दादा त्याला साहेब म्हणायचा. साहेबांना सुक्या बोंबलांचा वास आवडायचा नाही, म्हणून बोंबील मागच्या पडवीत भाजायचे. साहेबांसमोर मोठ्यानं हसायचं नाही. गाळ्यावर आता पानं विकायची नाहीत, हॉटेलांना माल पुरवायचा, हेही साहेबांचंच मत. आमची शेजारीण फिलूमावशी पाव घेऊन आली होती, तिनं ते पान बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, आमच्यात मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावतात गं बाय, पण जो आलाच नाही त्याच्यासाठी कुणी लावत नाही, त्याला वाट कशी कळायची नि कुणाची कळायची? मग क्रूसाची खूण करून गेली. पाव मात्र ठेवून गेली.

एकदा होळीहून आत्याचे यजमान आले. होळी म्हणजे वसईजवळचं गाव, तिथं त्यांचा भाजीचा मळा होता. भला माणूस, भूक लागलेली, समोर वाढलेलं पान दिसलं, बसले. दादानं त्यांना उठवलं. आवाज चढवला नाही, गोड शब्दांत उठवलं, पण उठवलं. काका हात झटकत उभे राहिले, काय चुकलं ते त्यांना कळेना. आप्पांनी स्वतःचं पान उचलून त्यांच्यापुढे ठेवलं आणि दादाला म्हणाले, "न आलेल्या माणसासाठी घरातली माणसं उठवायची नसतात." आप्पांनी त्या पावसाळ्यात दादाला सांगितलेलं ते एवढंच.

भीती मला दुपारची वाटायची. आप्पा वाडीत, दादा गाळ्यावर, आई आत कलंडलेली, बाहेर पाऊस, आणि मी चुलीपाशी एकटी. साहेबांचा पाट भिंतीला उभा केलेला असायचा. तो कधी जरा सरकून खाली टेकायचा, ओल्या जमिनीवर सगळेच पाट सरकतात, पण त्याचा आवाज आला की मी पदर सारखा करायची. एकदा तर मी विचारलं, पाणी हवं का? आणि माझाच आवाज ऐकून अंगणात पळाले, पावसात उभी राहिले. तो वाईट होता असं मला कधी वाटलं नाही. तो थांबला होता, एवढंच मला कळत होतं. आणि थांबलेला माणूस कशासाठी थांबतो?

ते आईनं दादाच्याच तोंडून ऐकलं. एका संध्याकाळी तिनं सहज विचारलं, वसंता, तुझे साहेब यायचे कधी? दादा पुस्तकातून डोळे न काढता म्हणाला, "मी गेल्याशिवाय ते कसे येतील, आई?" त्यात वावगं काही नव्हतं. पुस्तकातच होतं की जुना माणूस गेल्याशिवाय नवा येत नाही. पण आई पोराची आई. त्या दिवसापासून तिची झोप गेली. दादा गाळ्यावर निघाला की ती फाटकापर्यंत जायची, आणि टेम्पो वळणाआड गेला तरी तिथंच उभी असायची. मला म्हणायची, मी माझ्या हातानं वाढते आहे गं, कुणाला आणते आहे मी घरात? पान बंद करावं तर तो न आलेला उपाशी राहून रागवायचा, चालू ठेवावं तर रोज थोडा थोडा जवळ यायचा. तिचा सगळा प्रश्न असा दोन्हीकडून अडकला होता, आणि मध्ये तिचा मुलगा होता.

भाद्रपदातली सर्वपित्री आली, आणि नेमका रविवार. दादानं सरांना आणि त्यांच्या मंडळातल्या चार जणांना जेवायला बोलावलं होतं. त्याला ते पान सरांना दाखवायचं होतं. आईनं सांगून बघितलं, आज नको, आज पितरांचा दिवस आहे. दादा म्हणाला, साहेबांना दिवस-वार नसतो. मग आईनं वडे तळले, खीर केली, अळूवड्या केल्या, पितरांचं पान बाहेर पत्र्यावर ठेवून आली आणि आत येऊन साहेबांचं पान मांडलं. त्या दिवशीही तिनं रांगोळी घातली. ठिपके एकमेकांत शिरले.

सर आले, पाय धुतले, हसतमुखानं आत आले आणि दारातच थांबले. त्यांनी पाट बघितला, पान बघितलं, पानावरचा वडा आणि खीर बघितली. बाकीचे चौघे दादाची तारीफ करत होते. सरांच्या तोंडावरचं हसू मात्र गेलं. ते देशावरचे, त्यांच्याही घरात त्या दिवशी पान ठेवलेलं असणार. ते आईच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "काकू, पुस्तकात फक्त खुर्ची होती हो. माझ्याकडे तर मी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतो."

आईनं त्यांच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांत तिला खरं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. तिनं डाव खाली ठेवला, हात धुतले, आणि सगळ्या माणसांच्या देखत जाऊन त्या पाटावर बसली. घरातली बाई पाहुण्यांच्या आधी कधी बसत नाही, आमची आई तर कधीच नाही. तिनं भात कालवला आणि जेवायला लागली. खीर, वडे, अळूवडी, सगळं. तिला इतकं जेवण जायचं नाही, मी पाणी दिलं, ते पिऊन पुन्हा जेवली. आप्पा भिंतीला टेकून उभे होते. पान निपटून झाल्यावर ती म्हणाली, "संपलं. आता इथं कुणी यायचं नाही."

मला वाटलं दादा ओरडेल. वाटलं हसेल, पूर्वीसारखा. तो उठला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधले, आणि अगदी शांत आवाजात म्हणाला, "आई, आपण हे करायला नको होतं."

आपण. जन्मात त्यानं आईला तूशिवाय काही म्हटलं नव्हतं. आमच्या बोलीत आईला दुसरं काही म्हणतच नाहीत. आवाज त्याचाच होता, पण शब्द सावकाश, सारख्या अंतरानं येत होते, गुळगुळीत. आईनं मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि बघतच राहिली. तिचा उष्टा हात तसाच पानावर होता. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, सुमन, बघ, आले ते. आणि तिनं खरकट्या हातानंच पदर डोक्यावर घेतला, परका माणूस घरात आल्यावर घेतात तसा.

आता वाचणाऱ्याला वाटेल की दादाचं काही बरंवाईट झालं. नाही हो. दादा आहे, ठणठणीत आहे, देवाच्या दयेनं सुखात आहे. त्या दिवाळीनंतर तो मनवेलपाड्याला राहायला गेला, मग आणखी पुढे. हॉटेलांना माल पुरवता पुरवता त्याची कंपनी झाली, आमची सुकेळी छान खोक्यांतून कुठं कुठं जायला लागली. पुस्तकात लिहिलं होतं तसं सगळं झालं, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. पुस्तकं खोटी नव्हती. माझं लग्न झालं तेव्हा, आप्पांना हाताशी कुणी उरलं नाही म्हणून, माझे यजमानच इथं राहायला आले. सरांनी रविवारचं मंडळ बंद केलं असं ऐकलं. दादाला मात्र लोक भाषणाला बोलवायला लागले, तरुण मुलं त्याला विचारायची, सर, कोणती पुस्तकं वाचावीत? एकदा वसईतल्या एका हॉलमध्ये मी मागे बसून ऐकलं. त्यानं मुलांना पुस्तकं सांगितली आणि मग आईची गोष्ट सांगितली. माझी न शिकलेली आई माझ्या यशासाठी रोज एक पान वाढायची, म्हणाला. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. आईनं ते पान जेवून टाकलं हे त्यानं सांगितलं नाही. मला वाटतं, त्याला ते आठवतच नसावं. ते बघायला तो पूर्ण तिथं नव्हता.

आईचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं. मी त्याच्या तोंडचा घास खाल्ला, म्हणून त्यानं माझा मुलगा उचलून नेला. मी तिला किती समजावायची, अगं माणसं बदलतात, धंद्यात मोठी होतात. ती हो म्हणायची आणि दादा यायचा त्या दिवशी चादर बदलायची, कपबशी काढायची, पाहुण्याचं करतात तसं सगळं करायची. तो वाईट वागायचा नाही. औषधं पाठवायचा, सणाला गाडीतून यायचा, तासभर बसायचा. ती त्याला तुम्ही म्हणायची. त्यानं कधी हटकलं नाही.

आईचं शेवटचं वर्ष. दादा आला, तिच्या खाटेशी बसला, तिचा हात हातात घेतला. मोठ्यानं, स्पष्ट विचारलं, "आई, मला ओळखलंत का?"

"ओळखलं की," आई म्हणाली. "तुम्ही ते. एक विचारू का? आमचा वसंत कुठं ठेवलात?"

दादानं हात सोडला नाही. आईनं वाट बघितली, मग समजूतदारपणे मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो निघाला. गाडीत जाऊन बसला, पण गाडी चालू करीना. मी ओटीवरून बघत होते. जरा वेळानं जवळ गेले तर काच खाली करून, समोर केळीकडे बघत त्यानं विचारलं, "सुमन, मी कसा बोलायचो गं?"

मी म्हटलं, "तू वाक्य पुरं करायचा नाहीस. अर्धं बोलून हसायचास. उरलेलं आम्ही समजून घ्यायचो."

त्यानं मान डोलावली. स्टिअरिंगवरचे हात सैल केले. "यंदा केळी..." तो म्हणाला आणि थांबला. मी दाराला हात लावून उभी राहिले. विहिरीकडे पंप चालू होता. त्याचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

"यंदा केळी उत्तम आली आहेत," त्यानं वाक्य पुरं केलं, आणि काच वर गेली.